योहान डागदराची बायको

“काका, पाऊस यायचाय का?”

बंद पडलेल्या कंपनीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनने विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्तच होतं. जानेवारीचं लख्ख ऊन. समोर सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा. अंगात पायघोळ रेनकोट, हातात मोरी घासायचे रबरी मोजे, डोळ्यांवर नातवाचा पोहायचा चष्मा. कुंपणावर माजलेल्या वेलीच्या शेंगा तो श्वास रोखून एकेक करून कापत होता आणि बरणीत अशा अलगद ठेवत होता, जणू कुणाच्या अस्थीच गोळा करतोय.

“औषधाला नेतोय,” रघू मढवी म्हणाला.

“कशावर?”

“माजावर.”

वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला. त्या शेंगा त्याच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. दिसायला सोनेरी मखमल, पण त्यातली लव अंगाला लागली की माणूस कपडे फाडत पळतो. खाजकुइली ती. वारा फिरला की तो बिचारा खुर्ची उचलून गल्लीच्या पलीकडे जाऊन बसायचा.

“आणि लावणार कोणाला?”

“लावणार नाय रे. सन्मानाने पांघरणार.” रघूने बरणीचं झाकण घट्ट फिरवलं आणि रेनकोट फडफडवत तो डोंबिवली स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

रघूने सारी उमर सबनीस डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. गोळ्या खलात कुटायच्या, पुड्या बांधायच्या, लाल औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी डकवायची. सबनीस डॉक्टर देवमाणूस, पण त्यांचं काम म्हणजे सावकाशीचं. नाडी धरली की ती सोडायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे बाहेरच्या बाकावर कायम गर्दी, आणि गर्दी म्हटली की कुरकुर आलीच. ती थांबवायला रघूने योहान डागदर काढला.

त्याचं असं झालं. दवाखान्याच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. कल्याणच्या कुणा भंगारवाल्याकडून डॉक्टरांनी हौसेने आणलेलं. दाढीवाला गोरा माणूस, हातात कसलीशी फांदी, खाली जर्मन अक्षरं. नावाचा बराच भाग वाळवीने खाल्लेला, उरलं होतं फक्त ‘योहान’. तो कोण, कुठला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. असा कुणी दाढीवाला कधीतरी होऊन गेला असेल, एवढंच खरं. बाकी सगळं रघूचं.

रघू सांगायचा, योहान हा जर्मन देशातला डागदर. झाडापाल्याचा मोठा जाणकार. पण त्याच्या गुरुभावाने त्याचं सगळं ज्ञान चोरून आपल्या नावावर खपवलं. तेव्हा योहान संतापून गलबतात बसला आणि तीनशे वर्षांपूर्वी कल्याणच्या खाडीत उतरला. ताडाची नाडी बघून तो ताडी कधी उतरेल ते सांगायचा. सुभेदाराच्या उंटाला उचकी लागली, ती त्याने उंटाच्या कानात आळूचं देठ घालून थांबवली. नवं झाड सापडलं की त्याला नाव द्यायचं, हा झाडवाल्या डागदरांचा रिवाज. तर योहानने इथल्या प्रत्येक घाणेरड्या वासाच्या झाडाला त्या चोर गुरुभावाचं नाव दिलं. खाजकुइलीला मात्र नाव दिलं नाही. ती राखून ठेवली.

“का रे?” बाकावरून कुणीतरी विचारायचंच.

“याहून मोठा चोर भेटेल तेव्हा लागेल ना!”

लोक ताप उतरल्यावरसुद्धा पुढचं ऐकायला यायचे. डॉक्टर आतून ओरडायचे, “रघुनाथ, माझ्या औषधाने बरे झालेत ते, तू पुन्हा आजारी पाडू नकोस!”

आणि योहानला बायको होती. ठमा. ठाकुर्लीकडच्या मिठागरातली आगऱ्याची पोर. रागावली की नवऱ्याचं ताट पालथं घालायची. भोपळीचा वेल फळ धरीना तर त्याला उभं राहून शिव्या द्यायची आणि वेल घाबरून फळायचा. ठमा काही रघूला बनवावी लागली नाही. ती रोज दुपारी डबा घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहायची. शांताबाई रघुनाथ मढवी. तिचं माहेर मिठागरातलं, आणि ताट पालथं घालायची सवयही तिचीच.

“सगल्या डोंबिवलीला सांगा माज्या शिव्या,” ती डबा आपटायची. “मना नाय काय कलत?”

पण दाराआड उभी राहून ऐकायची. ठमाचं नाव आलं की पदर तोंडाला लावायची.

एक गोष्ट मात्र रघूने बाकावर कधी पुरी सांगितली नाही. कल्याणात उतरल्या उतरल्या योहानने नमुना म्हणून खाजकुइलीची शेंग उघड्या हाताने खुडली, आणि उड्या मारत मिठागरात जाऊन पडला. तिथून ठमाने त्याला बाहेर ओढलं आणि खाज उतरवली. इथवर सांगायचा. “कशाने उतरवली?” म्हटलं की, “ते पुढच्या खेपेला.” ती पुढची खेप कधी आलीच नाही. कारण ते शांताने त्याच्या स्वतःच्या पाठीवर केलेलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, सासुरवाडीच्या शेतावर. सगळंच कुठे बाकावर मांडायचं?

पुढे सबनीस डॉक्टर थकले. दवाखाना बंद केला त्या दिवशी त्यांनी रघूला एक मरून शाल आणली, स्वतः उलगडली आणि त्याच्या खांद्यांभोवती लपेटली. ते चित्रही त्यालाच दिलं. काही वर्षांनी डॉक्टर गेले, मग शांताही गेली. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

शांता गेल्याला दुसरं वर्ष चालू असताना ठाण्याच्या माजिवड्याहून लेकीचा, कल्पिताचा फोन आला.

“बाबा, इथे आमच्या सोसायटीजवळ लेक्चर आहे. ‘कल्याणचा जर्मन धन्वंतरी’. अहो, तुमचाच योहान! या ना.”

रघू गेला. व्यासपीठावर प्रा. प्रीतम सावर्डेकर. रघूने त्याला आवाजावरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं. कॉलेजात असताना या प्रीतमला बसायच्या जागी गळवं व्हायची. त्यामुळे योहानची अख्खी गोष्ट उभ्याने ऐकलेला तो दवाखान्यातला एकमेव पेशंट.

“अनेक वर्षांच्या संशोधनांती,” प्रीतम सांगत होता, “डॉ. योहान फॉन क्रॅनबर्ग यांचं चरित्र मी उजेडात आणू शकलो.”

‘फॉन क्रॅनबर्ग’ तेवढं त्याच्या पदरचं होतं. ताडाची नाडी, उंटाची उचकी, सगळं रघूचं. रघूला राग आला का? खरं सांगायचं तर सुरुवातीला गंमत वाटली. आपला योहान सूटबूट घालून ठाण्यात आलाय, असंच वाटलं. उंटाच्या उचकीला टाळी पडली तेव्हा तोही टाळ्या वाजवायला लागला होता. तेवढ्यात प्रीतम म्हणाला:

“डॉक्टरांकडे एक मोलकरीण होती. अडाणी बाई, नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण तोरा असा, की रागावली की मालकाचं ताट पालथं घालायची!”

सभागृह खो खो हसलं. कल्पिताही हसायला गेली आणि मध्येच थांबली. रघूचे हात तसेच हवेत राहिले.

घरी येऊन तो भिंतीवरच्या चित्राखाली बसला. योहान नेला, नेऊ दे. पण ठमाला बायकोपणावरून काढून भांडी घासायला बसवली? आणि वर तिच्यावर माणसं हसवली? चित्रातला योहान त्याच्याकडे बघत होता. खाजकुइली अजून कुणाच्या नावावर चढायची राहिली होती.

डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात प्रीतमचं व्याख्यान ठरलं, तेव्हा सत्काराची शाल रघूने आपण होऊन देऊ केली. कार्यवाह रसिकाताई हरखल्या. “मढवीकाका, किती आस्था हो तुम्हाला!”

“हाय ना. आतून हाय.”

शाल कुठली, तर डॉक्टरांनी पांघरलेली तीच. दुसरी विकत आणता आली असती, पण रघूला वाटलं, या न्यायनिवाड्यात डॉक्टरही असावेत. ती नव्यासारखी होती, फक्त काठाजवळ जांभळ्या औषधाचा एक ठिपका पडलेला. मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, दवाखान्यातल्या जुन्या चिमट्याने त्याने शेंगांची लव शालीच्या आतल्या घडीत पेरली, अगदी मानेवर येईल तिथे. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सोनेरी रिबीन बांधली.

कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत बसला. रसिकाताईंनी शाल पिशवीतून काढली, घडीसकट प्रीतमच्या डाव्या खांद्यावर ठेवली, फोटोवाल्याकडे बघून दोघं हसली. प्रीतमने तीच घडी उचलून परत पिशवीत सारली.

इथे रघूचं चुकलं. उभ्या आयुष्यात त्याचा सत्कार एकदाच झालेला, आणि सबनीस डॉक्टरांनी शाल उलगडून घातली होती. त्याला वाटलं, शाली उलगडायच्याच असतात. आपल्या गावांतल्या व्यासपीठांवरची शाल घडी मोडत नाही, हे त्याच्या गावीच नव्हतं. घडी मोडली की ती शाल फुकट गेली. न मोडता राहिली तर आज तुमच्या खांद्यावर, उद्या तुम्ही ज्याचा सत्कार कराल त्याच्या. काही शाली तर अशा आहेत की त्यांचे जेवढे सत्कार झाले, तेवढे कुठल्या माणसाचे झाले नसतील.

मग रघू हात धुऊन प्रीतमच्या मागे लागला. ठाण्याचं व्याख्यान, कल्याणचं व्याख्यान, सगळीकडे पहिली रांग. आज खाजवेल, उद्या खाजवेल. पण प्रीतम दिवसेंदिवस तुकतुकीतच होत चाललेला. कल्याणला भाषण संपवून तो थेट रघूसमोर आला.

“काका, तुम्ही... सबनीस डॉक्टरांकडचे ना? दर वेळी पहिल्या रांगेत बघतोय तुम्हाला. अहो, तुमच्यामुळेच मला या विषयाची गोडी लागली!”

“गोडी लागली, का आयती मिलाली?”

प्रीतम हसला. त्याला हसायची चांगली सवय होती. “काका, तुम्ही बाकावर सांगत होतात, मी हॉलमध्ये सांगतोय. गोष्ट जगली की नाही?”

रघूने इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आणला. “ठमाला मोलकरीण का केलीस रे?”

“ओह, ते होय?” प्रीतम अगदी सहज म्हणाला. “बायको म्हटलं की लोक पुरावा मागतात, काका. लग्नाची नोंद कुठेय, कुठल्या धर्माने झालं... मोलकरणीचा पुरावा कोण मागतो?”

रघू दाराकडे वळला. 

“पुढच्या रविवारी सकाळी ठाकुर्लीला माझं व्याख्यान आहे,” प्रीतमने त्याचा खांदा थोपटला. “तिथे तुमचा सत्कार करायचाच. माझ्या हस्ते. नाही म्हणायचं नाही.”

रघूने नाही म्हटलं नाही. रात्रभर कूस बदलत त्याने ठरवलं. माईक हातात आला की सांगून टाकायचं: लोकहो, असा डागदर कधी झालाच नाही, हे सगळं माझ्या डोक्यातलं, आणि हा प्राध्यापक माझ्या थापांवर हारतुरे घेत फिरतोय. एका वाक्यात प्रीतम सपाट.

रविवारी ठाकुर्लीचा हॉल भरलेला. बऱ्याचशा आगरी बायका आलेल्या, मिठागरांचा विषय आहे म्हणून. मागे कल्पिताही बसलेली.

“आमच्या कॉलेजच्या दिवसांत,” प्रीतमने सुरुवात केली, “पेशंटांना गोष्टी सांगून रिझवणारे हे कंपाउंडर काका. संशोधन वेगळं, करमणूक वेगळी. पण ऋण मानलं पाहिजे.” त्याने टेबलाखालच्या पिशवीतून शाल काढली. मरून. काठाजवळ जांभळा ठिपका.

रघू खुर्चीसकट मागे सरकला.

“एरवी आम्ही घडी ठेवतो खांद्यावर,” प्रीतम माईकमध्ये म्हणाला, “पण काकांना मी शाल उलगडून पांघरणार आहे. मनापासून.”

आणि हे तो खरंच मनापासून म्हणाला. आयुष्यात एवढं एक खरं बोलला, आणि तिथेच सापडला. शाल त्याने दोन्ही हातांनी धरली आणि फाट फाट झटकली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात सोनेरी कण उडाले. समोरच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “काय बाय जर हाय शालीला!”

थांब म्हणावं, तर का थांब ते सांगावं लागणार. रघूने मान खाली घातली. सबनीस डॉक्टरांनी लपेटली होती तशीच ती शाल प्रीतमने त्याच्या खांद्यांभोवती लपेटली, वर दोन्ही हातांनी दाबून बसवली.

आधी मुंग्या आल्या. मग मुंग्यांच्या जागी इंगळ्या. रघूने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि ताठ बसला. खाजकुइलीचा कायदा त्याला पाठ होता: खाजवलं की ती आत जाते. प्रीतमला तो कायदा ठाऊक नव्हता. त्याचं व्याख्यान सुरू झालं; ‘ताडाची नाडी’पर्यंत तो मनगट खाजवत होता, ‘उंटाची उचकी’ला मान. मग त्याने त्याच हाताने डोळे पुसले आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

“भारावलेत सर,” रसिकाताई शेजारणीला म्हणाल्या. डोंबिवलीहून त्या खास आलेल्या.

मोलकरणीपर्यंत पोचायच्या आतच प्रीतमने माईक रघूच्या हातात कोंबला. “काका... दोन शब्द.” आणि तो कोटाच्या आत हात घालून खुर्चीत वळवळू लागला.

रघू उभा राहिला. मानेवर निखारे. ते एक वाक्य जिभेवर आलेलं. समोर आगरी बायका पदर सावरून ऐकत होत्या. मागे कल्पिता. योहान खोटा म्हटला की प्रीतम संपणार, हे खरं. पण मग ताट पालथं घालणारी, वेलाला शिव्या देणारी, तीही खोटी ठरणार. ती कुठे जाईल?

“सरांनी सगलं नीट सांगितलं,” रघू म्हणाला. आवाज बाकावरचा, जुना. “फक्त शेवट ऱ्हायला. सरांना बोलवत नाय, मी सांगतो. योहान डागदराला बायको होती. लग्नाची. ठमा तिचं नाव. इथलीच, तुमच्या मिठागरातली.”

बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “मंग! मना वाटलंच व्हतं.”

“योहानचा एक शिष्य होता. दिसायला गोजिरा, पण बसायला कायम त्रास.” प्रीतमचा कोटातला हात थांबला. “त्याने डागदराची विद्या चोरली. डागदर काय बोलला नाय. म्हणाला, विद्या काय, वाऱ्यावरची. पण हा गावभर सांगत सुटला, की ठमा डागदराची बायको नाय, मोलकरीण हाय. तवा डागदर उठला. आयुष्यभर राखून ठेवलेलं एक झाड होतं त्याच्याकडे. खाजकुइली. तिला त्याने शिष्याचं नाव दिलं. आणि ठमाने त्या शिष्याला जेवायला बोलावला, मानाने बसवला, अंगावर एक शेला टाकला...”

हॉलमध्ये हशा पिकायला लागलेला. खुर्चीत प्रीतम दोन्ही हातांनी छाती ओरबाडत होता, आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं.

“शिष्याचं नाव काय?” मागून एक पोरगी ओरडली.

“नाव सर सांगतील. संशोधन त्यांचं हाय.” रघू वळला. “सर, ठमा कोण होती? बायको का मोलकरीण?”

प्रीतमने लाल डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग शालीकडे. मग स्वतःच्या बोटांकडे. एकदम त्याला सगळं उमगलं असावं. आणि हेही उमगलं असावं, की या म्हाताऱ्याला खोटं पाडायचं तर आपल्या फॉन क्रॅनबर्गचं थडगं आपल्याच हाताने खणावं लागेल.

“बायको,” तो कसाबसा म्हणाला.

“लग्नाची?”

“लग्नाची. तसा... तसा उल्लेख आहे.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त आगरी बायकांच्या. रघूने नमस्कार केला, शाल काढली, आतली बाजू आत ठेवून तिची नीट घडी घातली आणि ती काखोटीला मारून जिना उतरला. कल्पिता मागे धावली. “बाबा, तुमची मान बघा, केवढी सुजलीय! थांबा, डॉक्टरकडे...”

“तू जा घरी. मला कलतंय कसं उतरवायचं ते.”

घरी पोचला तेव्हा भरदुपार होती. दार लावलं, सदरा काढला, आणि फोन वाजला.

“काका,” प्रीतम अक्षरशः कळवळत होता. “तुम्हीच केलंत ना हे? जाऊ दे. चुकलं माझं. डॉक्टरचं मलम लावलं, बर्फ लावला, काही उपयोग नाही. ठमाने काय लावलं होतं? योहानची खाज कशाने उतरवली? तेवढं सांगा.”

रघूने घसा खाकरला.

“ते तू सांग,” तो म्हणाला. “उल्लेख असेल कुठेतरी.”

फोन बंद करून तो स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात पाणी उकळलं, त्यात तांदळाचं पीठ घातलं, उकड काढली. बोटं भाजली तरी मळली. शांता मळायची तेव्हा चिकट व्हायची. ही जरा भगराळ झाली. गोळा हातात घेऊन तो मानेवरून फिरवू लागला. दाबायचा नाही, नुसता लोळवायचा. लव पिठाला चिकटून येते. मान झाली, खांदे झाले, छाती झाली. आग निवत गेली.

पाठीच्या मधोमध हात पोचत नव्हता.

वरून प्रयत्न केला, खालून केला. चित्रातला योहान बघत होता, पण त्याचे हात फांदीत गुंतलेले.  मग रघूने नवा गोळा घेतला, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पाठीच्या उंचीला थापला, आणि वळून हळूच त्याच्यावर टेकला.

“जरा वर,” तो म्हणाला, आणि स्वतःच गुडघ्यात वाकला.